निर्दोष सुटलात? आता वर्ष मोजायला घ्या

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते: 'सबळ पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता'. आरोप लागला तेव्हा फोटोसकट चार कॉलम आणि सुटका झाली तेव्हा दहा ओळी. ती बातमी वाचून नागपुरातल्या कुठल्याही पानठेल्यावर एकच प्रश्न निघतो. या माणसाची इतकी वर्षं गेली, धंदा बसला, मुलीचं लग्न अडलं, त्याचं काय? ज्याने अडकवलं त्याच्याकडून भरपाई मागता येत नाही का?

मागता येते. त्यासाठी दिवाणी न्यायालयात वेगळा दावा करावा लागतो आणि तो करायला कायदा फक्त एक वर्ष देतो. बहुतेकांना हे कळतं तेव्हा वर्ष उलटून गेलेलं असतं. त्यात त्यांचा दोषही काढता येत नाही. सहा-आठ वर्षं पेश्या करून माणूस सुटला की आधी पेढे वाटतो, मग वकिलाची राहिलेली फी भागवतो, मग मोडलेला संसार सांधायला घेतो. पुन्हा कोर्टाची पायरी चढायची ही कल्पनासुद्धा त्याला नको वाटते. घड्याळ मात्र सुटकेच्या दिवसापासूनच चालू झालेलं असतं.

दावा नेमका कशाचा?

समजा, नागपूरच्या इतवारीत दोघांची भागीदारीत ठोक किराण्याची पेढी आहे. हिशेबावरून वाजलं. एकाने पोलीस ठाण्यात फिर्याद दिली की दुसऱ्याने माल परस्पर विकून पैसे खाल्ले. प्रत्यक्षात माल दोघांच्या सहीने गेला होता आणि फिर्याद देणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. त्याला हवी होती पेढीची जागा. दुसऱ्याला अटक झाली, दहा दिवस कोठडी, मग जामीन, मग दोषारोपपत्र, आणि पुढे सहा वर्षं पेश्या. शेवटी मॅजिस्ट्रेटने त्याला निर्दोष सोडलं.

सुटलेला भागीदार आता पहिल्यावर भरपाईसाठी जी केस करेल ती 'द्वेषमूलक खटल्याबद्दलचा दावा'. या लेखापुरते दोनच शब्द लक्षात ठेवू. 'खटला' म्हणजे तुमच्यावर चाललेली फौजदारी केस, आणि 'दावा' म्हणजे त्याबद्दल तुम्ही नंतर केलेली दिवाणी केस.

गंमत अशी की हा दावा करायचा हक्क कुठल्याही एका कायद्याच्या कलमात लिहिलेला नाही. इंग्लंडमधल्या न्यायालयांच्या शेकडो वर्षांच्या निकालांतून तो घडला आणि आपल्याकडच्या न्यायालयांनी तो स्वीकारला. खोट्या खटल्याने माणसाची अब्रू, त्याचं शरीर व स्वातंत्र्य आणि त्याचा पैसा अशी तीन प्रकारची हानी होते, ही मांडणी थेट १६९८ सालच्या एका इंग्रजी निकालातली आहे आणि नुकसानीचा हिशेब आजही तिच्याच आधाराने मांडला जातो. म्हणजे हक्क लिहिलेला नाही, पण त्याची मुदत मात्र छापील आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याच्या परिशिष्टात अनुच्छेद ७४ म्हणतो: मुदत एक वर्ष, आणि ती सुरू होते वादी (म्हणजे दावा करणारा) निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला अन्य रीतीने संपल्यापासून.

'निर्दोष सुटलो, मग आणखी काय सिद्ध करायचं?'

लोकांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. त्यांना वाटतं, फौजदारी कोर्टाचा निकाल हातात आहे, तो दाखवला की दिवाणी कोर्ट आकडा लिहून देईल. तसं होत नाही. तो निकाल 'हा माणूस सुटला' एवढंच दाखवतो. तो का सुटला आणि खटला खोटा होता का, हे दिवाणी न्यायाधीश स्वतःसमोर आलेल्या पुराव्यावरून नव्याने ठरवतो.

सिद्ध करायचं ते असं. प्रतिवादीनेच, म्हणजे ज्याच्यावर दावा केला त्यानेच, तुमच्यावर खटला चालवला. तो तुमच्या बाजूने संपला. तो भरायला रास्त आणि संभाव्य कारण नव्हतं. त्यामागे दुष्ट हेतू होता. आणि तुमचं नुकसान झालं. खटला संपल्याचं आणि नुकसानीचं कागदांवरून दाखवता येतं. खरी लढाई उरलेल्या तिघांवर होते.

'प्रतिवादीनेच खटला चालवला' हे सोपं वाटतं, पण पोलिसांकडच्या केसमध्ये कागदावर खटला सरकार चालवतं. फिर्यादी सरळ म्हणतो, 'मी फक्त माहिती दिली, अटक पोलिसांनी केली.' यावर प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं शेवटच्या अपिलाचं न्यायालय) १९०८ साली गया प्रसादच्या प्रकरणात दिलेलं उत्तर आजही वापरलं जातं: नुसती माहिती देणारा सुटेल, पण खोटं आहे हे माहीत असून आरोप करणारा, खोटे साक्षीदार उभे करणारा, पोलिसांना हाताशी धरणारा माणूसच खरा खटला चालवणारा. फिर्याद देण्याआधी आणि दिल्यानंतर तो कसा वागला ते पाहायचं.

'रास्त कारण' म्हणजे फिर्यादीचा आरोप खरा निघाला पाहिजे असं नाही. त्याच्यासमोर तेव्हा जे होतं त्यावरून एखाद्या सामान्य विचारी माणसाला 'यानेच केलं असावं' असं प्रामाणिकपणे वाटलं असतं का, एवढीच कसोटी. चोरी खरोखर झाली, संशय तुमच्यावर गेला, नंतर तो चुकीचा ठरला, तर फिर्यादी चुकला, पण त्याने द्वेषाने केलं नाही. अशा माणसावर दावा टिकत नाही, आणि टिकूही नये. नाहीतर खरी फिर्याद द्यायलाही लोक घाबरतील.

'दुष्ट हेतू' म्हणजे नुसता राग नव्हे. आपला चोर सापडल्यावर राग कोणाला येत नाही? न्याय मिळवण्याऐवजी दुसरंच काहीतरी साधायला कायदा वापरला, हे दाखवावं लागतं. आपल्या उदाहरणात पेढीची जागा. फिर्यादीनंतर आठवड्याभरात 'जागा सोड, केस मागे घेतो' असा व्हॉट्सॲप मेसेज आला असेल तर तो एक मेसेज दहा साक्षीदारांच्या बरोबरीचा.

आणि हे सगळं सिद्ध करायचा भार सुटलेल्या माणसावर असतो. 'कारण नव्हतं' हे नकारार्थी विधान सिद्ध करणं किती जड जातं, ते कुठल्याही दिवाणी वकिलाला विचारा.

संशयाचा फायदा मिळाला असेल तर?

तरीही दावा करता येतो. 'संशयाचा फायदा देऊन' सुटलेला आणि 'सन्मानाने' सुटलेला, खटला संपला या मुद्द्यापुरते दोघे सारखेच. निकालपत्रात न्यायाधीशाने फिर्याद रचलेली असल्याचं म्हटलं असेल तर मानसिक बळ मिळतं, पण पुरावा स्वतःच द्यायचा आहे. साक्षीदार फितूर झाले म्हणून सुटका झाली असेल तर मात्र दाव्यात दम उरत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. खालच्या कोर्टाने दोषी धरलं आणि अपिलात सुटका झाली, तरी अडचण येते. एका न्यायाधीशाला शिक्षा द्यावीशी वाटली होती, मग खटल्याला रास्त कारणच नव्हतं असं कसं म्हणता, असा सवाल समोरचा वकील करतोच.

वर्ष कधी सुरू होतं, कधी संपतं

खटला चालू असताना हा दावा करता येत नाही. संपल्यावर वर्षाच्या आत करावा लागतो. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही: पाऊस पडल्या पडल्या चिखलात पेरत नाहीत, आणि वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून गेल्यावर कितीही चांगलं बियाणं टाकलं तरी उगवत नाही.

आता प्रत्यक्ष तारखा घेऊ. निर्दोष मुक्ततेचा निकाल शुक्रवार, १४ जून २०२४ रोजी लागला असं धरा. निकालाचा दिवस मोजत नाहीत, म्हणून शेवटचा दिवस १४ जून २०२५. तो निघाला दुसरा शनिवार, कोर्टाला सुट्टी. पंधरा तारखेला रविवार. मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो, म्हणून सोमवार, १६ जून चालेल. मंगळवारी, १७ तारखेला गेलात तर दावा मुदतबाह्य, मग केस कितीही पक्की असो. उन्हाळी सुट्टीत मुदत संपली तरी हाच नियम. पण तेवढ्यावर विसंबून राहायला मी कुणालाही सांगणार नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी न्यायमंदिराच्या, म्हणजे नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या, फायलिंगच्या खिडकीपुढे किती गर्दी असते, हे एकदा पाहून या.

यात तीन ठिकाणी लोक हमखास फसतात.

निकालाची नक्कल मिळायला महिना लागला, तर तो महिना वर्षातून वजा होईल असं वाटतं. होत नाही. नकलेसाठी गेलेले दिवस अपील, रिव्हिजन अशा गोष्टींसाठी वगळले जातात, नव्या दाव्यासाठी नाही. नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाका.

दुसरं, वकिलामार्फत समोरच्याला नोटीस पाठवली की घड्याळ थांबतं, हा समज. खासगी माणसाला दिलेल्या नोटिशीने काहीही थांबत नाही. नोटीस, उत्तर, प्रत्युत्तर, मग समाजातल्या चार मोठ्यांच्या मध्यस्थीने बैठका, यात दहा महिने सहज जातात. समोरच्याला तेच हवं असतं.

तिसरं, कोर्ट फी जमेना म्हणून थांबणं. मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी लागते आणि ती डोईजड होऊ शकते. पण दावा मुदतीत दाखल करून अपुरी फी नंतर भरायची परवानगी कोर्ट देऊ शकतं, आणि खरोखर ऐपत नसलेल्याला निर्धन म्हणून दावा चालवायची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. फीसाठी पैसे जमवत बसून मुदत घालवणं हा वाईट सौदा आहे.

'उशीर माफ होतो ना? आमच्या अपिलात झाला होता'

अपिलात झाला असेल. मुदतीच्या कायद्याचं कलम ५ पुरेसं कारण दाखवल्यास उशीर माफ करू देतं, पण फक्त अपिलांना आणि अर्जांना. दाव्यांना ते लागू नाही. आजारपण, गावाला असणं, वकिलाने न सांगणं, यातलं काहीही चालत नाही. कलम ३ तर त्याहून कडक आहे. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तो विसरला, तरी न्यायाधीशाने स्वतःहून मुदत तपासून मुदतबाह्य दावा फेटाळायचाच आहे.

सवलती अगदी मोजक्या. सुटकेच्या वेळी वादी अल्पवयीन किंवा मानसिकदृष्ट्या अक्षम असेल तर ती अडचण संपल्यावर त्याचं वर्ष सुरू होतं. चुकीच्या, अधिकार नसलेल्या न्यायालयात कुणी प्रामाणिकपणे आणि तत्परतेने लढत राहिला असेल तर तो काळ कलम १४ नुसार वगळता येतो. कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सगळ्याच मुदतींतून वगळला होता. ती खिडकी कधीच बंद झाली, तरी तिच्या भरवशावर अजून लोक येतात.

सरकार अपिलात गेलं तर वर्ष थांबतं का?

या विषयातला सगळ्यात निसरडा प्रश्न हा आहे. सत्र न्यायालयाने सोडलं, सरकारने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील केलं, आणि ते काही वर्षं पडून राहिलं. तुमचा खटला 'संपला' कधी? सुटकेच्या दिवशी, की अपील फेटाळलं त्या दिवशी?

वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. एक मत असं की अनुच्छेदात 'निर्दोष सुटल्यापासून' असे साधे शब्द आहेत, आणि एकदा चालू झालेली मुदत कलम ९ नुसार थांबत नाही. दुसरं मत असं की अपील म्हणजे खटल्याचाच पुढचा भाग, म्हणून शेवटच्या निकालापासून मोजा. दोन्हींत तर्क आहे. पण ज्याचा दावा पणाला लागला आहे त्याने तर्काच्या सौंदर्यावर पैसा लावू नये. वर्ष पहिल्या सुटकेपासून मोजा, दावा दाखल करा, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत सुनावणी थांबवण्याची विनंती करा. 'दावा घाईने केला' असा आक्षेप आला तरी तो मागे घेऊन पुन्हा करायची परवानगी मागता येते. उशिरा केलेल्या दाव्याला असा परतीचा रस्ता नाही.

जाता जाता एक विसंगती. तुमच्या सुटकेविरुद्ध सरकारने मुदतीनंतर अपील केलं तर त्याला कलम ५ चा फायदा मिळू शकतो. त्याच सुटकेवरून तुम्ही केलेल्या दाव्याला एक दिवसाचीही सूट नाही. मला हे न्याय्य वाटत नाही.

खटला अपिलाशिवाय इतर मार्गांनीही संपतो. उच्च न्यायालयाने एफआयआर रद्द केला, मॅजिस्ट्रेटने आरोपातूनच मुक्त केलं, किंवा सरकारने खटला मागे घेतला, तर त्या आदेशाच्या तारखेपासून मोजा. आपसात तडजोड करून केस मिटवली असेल तर मात्र दाव्याचा विचार सोडलेला बरा. 'दोघांचीही तक्रार नाही' असं लिहून दिलेला कागद समोरचा पहिल्याच तारखेला काढतो.

कोर्टापर्यंत प्रकरण गेलंच नाही, नुसती अटक झाली

इथे निराळी घड्याळं चालू असतात आणि ती कुणी सांगत नाही.

महाराष्ट्रात तपासाअंती पोलिसांना खटला भरण्यासारखं सापडलं नाही तर ते समरी रिपोर्ट पाठवतात. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. 'क' समरी म्हणजे गैरसमज किंवा दिवाणी स्वरूपाचा वाद. आणि 'ब' समरी म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. मॅजिस्ट्रेटने 'ब' समरी मंजूर केली तर तो कागद सोन्यासारखा जपा. पण नुसत्या पोलीस तपासाला 'खटला' म्हणायचं का, यावर वाद आहे. न्यायालयाने दखलच घेतली नाही तर खटला झालाच नाही, असं अनेक निकाल म्हणतात. प्रिव्ही कौन्सिलने १९४७ साली मोहम्मद अमीन प्रकरणात वेगळा कस लावला: प्रकरण वादीचं नुकसान होण्याच्या टप्प्यापर्यंत पोचलं होतं का, ते बघा. 'ब' समरीवाल्याने याचा आधार घ्यावा आणि समरी मंजूर झाल्याच्या तारखेपासून वर्ष मोजावं.

पोलिसांनी कायदेशीर आधार नसताना कोठडीत बसवून ठेवलं असेल, तर बेकायदा डांबून ठेवण्याबद्दलचा दावा वेगळा आहे. त्याची मुदतही एक वर्ष, पण ती मोजायची कोठडीतून बाहेर आल्यापासून. इतवारीतल्या भागीदाराची कोठडी पहिल्याच महिन्यात संपली. न्यायालयाच्या रिमांडच्या आदेशाने गेलेले दिवस तसेही या दाव्यात सहसा बसत नाहीत. पण त्याआधी त्याला विनानोंद डांबलं असेल, तर सहा वर्षांनी सुटल्यावर त्याची भरपाई मागायला गेल्यास तो हक्क पाच वर्षांपूर्वीच संपलेला असेल. छापील बदनामीचं तसंच. मजकूर प्रसिद्ध झाला त्या दिवसापासून एक वर्ष, मग मधल्या काळात खटला चालू असो वा नसो. कायदेशीर प्रक्रियेच्या नावाखाली जंगम माल गैरपणे जप्त केला असेल तर जप्तीपासून एक वर्ष. म्हणून अटक झाली त्याच आठवड्यात वकिलाला जामिनाबरोबर हा प्रश्नही विचारायला हवा. तेव्हा ते कुणाला सुचत नाही.

पोलिसांनाही प्रतिवादी करायचं असेल तर

सरकारवर किंवा सरकारी अधिकाऱ्यावर त्याच्या पदाच्या कामाबद्दल दावा करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. हे दोन महिने मुदतीतून वगळले जातात. ही सूट सरकारी प्रतिवादीपुरती आहे. फिर्याद करणाऱ्या भागीदाराविरुद्धचं वर्ष तिने लांबतं असं समजू नका.

मोठी अडचण दुसरीच आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १६१ म्हणतं की कर्तव्याच्या आडून केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर दावा करायचा तर तो कृत्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत केला पाहिजे. 'कर्तव्याच्या आडून' याचा अर्थही रुंद आहे. एका हेड कॉन्स्टेबलने खोटा पंचनामा आणि खोटा अहवाल केल्याचा आरोप असलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेही कर्तव्याच्या आडून केलेलं कृत्य मानलं आणि सहा महिन्यांची अट लागू धरली. खटलाच सहा वर्षं चालतो तिथे सहा महिन्यांत दावा करायचा कसा, हा प्रश्न रास्त आहे. पोलिसांचा वकील हे कलम काढणारच, इतकं गृहीत धरून आपल्या वकिलाशी बोला.

एकच वर्ष का?

उसने दिलेले पैसे वसूल करायला तीन वर्षं. स्थावर मालमत्तेचा ताबा मागायला बारा वर्षं. आणि अब्रू गेली त्याला एक. १९०८ च्या जुन्या कायद्यातही एकच होतं, १९६३ मध्ये ते तसंच ठेवलं.

बाजू मांडायची तर अशी मांडता येईल: या दाव्यात माणसाच्या मनातला हेतू शोधायचा असतो, आणि तो पुरावा लवकर विरतो. शिवाय फिर्याद दिलेल्या माणसाच्या डोक्यावर ही तलवार कायम टांगती राहिली तर फिर्याद द्यायला कुणी धजणार नाही. पण पुरावा विरतो हे कारण इथे लंगडं आहे. खटला सहा वर्षं चालला, सगळे साक्षीदार तपासून झाले, कागद कोर्टाच्या रेकॉर्डवर आहेत. आणखी दोन वर्षांत त्यातलं काय विरणार? सर्वसाधारण तीन वर्षांची मुदत इथे ठेवली असती तर आभाळ कोसळलं नसतं, असं मला वाटतं.

माणूसच गेला तर?

नागपूर खंडपीठाने ५ मार्च २०२४ रोजी प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतरांना माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपातून निर्दोष मुक्त केलं. त्या प्रकरणाचा प्रवास मुदतीच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मे २०१४ मध्ये अटक. मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाकडून जन्मठेप. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी याच खंडपीठाने सोडलं, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, एप्रिल २०२३ मध्ये तो रद्द करून अपील पुन्हा ऐकायला पाठवलं, आणि मग २०२४ चा निकाल. अशा वळणांमुळेच 'खटला नेमका संपला कधी' हा प्रश्न पोथीतला राहत नाही. त्या खटल्यामागे द्वेष होता की नव्हता, यावर इथे काही म्हणायचं नाही. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, सुटकेनंतर सात महिन्यांनी, साईबाबा वारले.

असं घडलं की दाव्याचा हक्क वारसांना मिळतो का? भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३०६ नुसार माणसाचे बहुतेक दिवाणी हक्क वारसांकडे जातात, पण बदनामी, मारहाण आणि इतर 'वैयक्तिक इजा' यांचे दावे माणसाबरोबर संपतात. द्वेषमूलक खटल्याचा दावाही या वैयक्तिक प्रकारात टाकण्याकडे न्यायालयांचा कल राहिला आहे. म्हातारे आईवडील आरोपी असतील तर एक वर्ष हाताशी आहे असं समजून बाराव्या महिन्याची वाट पाहण्यात हाही धोका आहे.

दावा सोडून काही मार्ग?

आहेत, आणि त्यातला एक खटल्यातच मिळतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७३ नुसार (जुन्या संहितेत हे कलम २५० होतं) मॅजिस्ट्रेटसमोरच्या खटल्यात आरोपाला रास्त कारण नव्हतं असं मॅजिस्ट्रेटला वाटलं तर तो फिर्यादीला जाब विचारून भरपाई द्यायला लावू शकतो. मर्यादा मॅजिस्ट्रेटच्या दंडाच्या अधिकाराइतकी, म्हणजे प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट असेल तर ५०,००० रुपयांपर्यंत. ही रक्कम घेतली तरी पुढे दावा करता येतो, दाव्यात ती विचारात घेतात एवढंच. अंतिम युक्तिवादातच वकिलाने हा मुद्दा मांडायला हवा. निकाल वाचून झाल्यावर आठवून उपयोग नाही.

इजा करण्याच्या हेतूने खोटा आरोप करणं हा स्वतंत्र गुन्हाही आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम २४८. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, आणि खोटा आरोप फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याचा असेल तर दहा वर्षांपर्यंत. पण खोटा आरोप कोर्टातल्या कामकाजाशी जोडलेला असेल तर त्याची तक्रार सहसा कोर्टालाच करावी लागते. तुम्ही फक्त अर्ज करून विनंती करू शकता.

सरकारी यंत्रणेने मूलभूत हक्क तुडवले असतील तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. तिला एक वर्षाची छापील मुदत नाही, विनाकारण उशीर मात्र विचारात घेतला जातो. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख रुपये भरपाई दिली ती २०१८ मध्ये. त्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या २७७ व्या अहवालात अशा भरपाईसाठी वेगळा कायदा आणि विशेष न्यायालयं सुचवली. नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण ती योजना तिच्यात आली नाही.

खोट्या दिवाणी केसचा छळ झाला असेल तर हा दावा सहसा चालत नाही. तिथे त्याच केसमध्ये खर्च मागायचा. खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ खाली कमाल ३,००० रुपये, आणि अपुऱ्या कारणावर जप्ती किंवा मनाई हुकूम घेतला असेल तर कलम ९५ खाली ५०,००० पर्यंत. यातला पहिला आकडा पुन्हा वाचा. छापखान्याची चूक नाही.

मग करावा का?

फिर्यादीचा खोटेपणा आणि त्याचा स्वार्थ, दोन्ही कागदावर दाखवता येत असतील तर करावा. नुसतं 'सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे' एवढंच हाती असेल तर पुन्हा आठ वर्षं कोर्टात घालवण्याआधी घरच्यांना विचारावं. दावा नागपुरातच करता येईल, कारण तो जिथे नुकसान झालं किंवा जिथे प्रतिवादी राहतो त्या ठिकाणच्या कोर्टात चालतो.

करायचं ठरलं तर सुटकेच्या दिवसापासून कागद गोळा करा: निकालाची नक्कल, एफआयआर, जामिनाचे आदेश, नोकरी गेल्याचं किंवा निलंबनाचं पत्र, अटकेच्या आधीची आणि नंतरची आयकर विवरणं, बातमीचं कात्रण, फिर्यादीचे मेसेज. आणि वकिलाच्या फीच्या पावत्या. खटल्याचा खर्च हा नुकसानीचा सगळ्यात सरळ हिशेब असतो आणि आपल्याकडे तोच सिद्ध होत नाही, कारण फी रोख दिलेली असते आणि पावती मागायचा संकोच वाटतो. ज्यांचा खटला अजून चालू आहे, त्यांनी पुढच्या पेशीपासून फी चेकने किंवा यूपीआयने द्यायला सुरुवात करावी.